‘स्वातंत्र्यदिन’ या शब्दाची तारीख : पनवेल येथील एका कागदाच्या निमित्ताने

पनवेल येथील एका जुन्या घराण्याच्या दप्तरात आम्हांस सुमारे वीस वर्षांपूर्वी एक हस्तलिखित कागद पाहावयास मिळाला. तो कागद आम्ही चुकीच्या सालात घातला, आमच्या सांगण्यावरून तो त्याच चुकीच्या सालाखाली एका स्मरणिकेत छापला गेला, आणि पुढे दोघातिघांनी स्मरणिकेचा आधार देऊन तीच चूक आपल्या लेखांत उतरून घेतली. चूक आमची असल्यामुळे तिची दुरुस्तीही आम्हीच करणे योग्य होय. शिवाय ही चूक एकट्या आमच्या हातून होण्यासारखी नाही. ज्यांच्या संग्रही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पत्रके, रोजनिशा व सभांची टिपणे आहेत त्या प्रत्येकास ती भोवण्याचा संभव आहे. सबब थोडे विस्ताराने लिहीत आहो.

कागद साधा, गिरणीचा, सुमारे नऊ इंच लांब व सात इंच रुंद आहे. लेखन टाकाने, निळ्या-काळ्या शाईने, बालबोध अक्षरात केलेले. डावीकडे समास राखलेला. मथळ्यावर ‘स्वातंत्र्यदिन’ हा एकच शब्द, त्याखाली उजव्या अंगास ‘रविवार’. पुढे सुमारे तीस ओळींचा मजकूर असून शेवटी ‘सर्वांनी हात वर करून संमती द्यावी, भाषणे करू नयेत’ अशी सूचना आहे. साल नाही, गाव नाही, सही नाही. पूर्वी कोणी तरी हा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून चौकटीत बसविला होता आणि तसे करताना वरची कड मागे दुमडली होती. ही दुमड पुढे महत्त्वाची ठरली.

घरातील वृद्ध आजी त्या वेळी पंच्याऐंशीच्या घरात होत्या. कागद आमच्या हाती देताना त्या म्हणाल्या, “मास्तर, हे आमच्या मामंजींच्या हातचं. मिठाच्या आधीचं, असं सासूबाई सांगायच्या.” आम्ही त्यांस म्हणालो, “आजी, वर स्वातंत्र्यदिन लिहिलंय. स्वातंत्र्यदिन म्हणजे पंधरा ऑगस्ट. मिठाच्या आधी कुठला?” त्या हसल्या व पुढे काही बोलल्या नाहीत. आम्ही घरी येऊन गणित मांडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. १५ ऑगस्ट १९४८ रोजी रविवार. झाले, साल मिळाले. मजकूर परकीय सत्तेवरील आरोपांचा आहे हे आम्हांस दिसत होते. परंतु पहिल्या वाढदिवशी जुनी प्रतिज्ञा स्मरणार्थ वाचली असेल, अशी आम्ही आपलीच समजूत घातली. वार जुळला की मन किती लवकर समाधान पावते, याचा हा चांगला मासला आहे.

आता वस्तुस्थिती पाहू. लाहोर येथे रावीच्या काठी भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, १९२९ च्या डिसेंबरच्या अखेरच्या रात्री पूर्ण स्वराज्याचा ठराव होऊन ध्वज उभारला गेला. त्यानंतर २ जानेवारी १९३० रोजी कार्यकारी समितीने देशभर एकाच दिवशी प्रतिज्ञा वाचण्याचे ठरविले आणि त्यासाठी जानेवारीचा अखेरचा रविवार नेमला. त्या वर्षी तो रविवार २६ तारखेस आला होता. रविवार निवडण्याचे कारण उघड आहे : कचेऱ्या बंद, माणसे मोकळी. या तारखेस कोणत्या प्राचीन घटनेचा, जयंतीचा वा पुण्यतिथीचा आधार नव्हता. परंतु पुढील वर्षापासून वार गळाला व तारीख राहिली, आणि १९३१ पासून १९४७ पर्यंत प्रतिवर्षी २६ जानेवारी हाच दिवस ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणून, कधी उघडपणे तर कधी बंदी मोडून, पाळला गेला. म्हणजे १९४७ च्या ऑगस्टपूर्वीच्या कोणत्याही कागदावर ‘स्वातंत्र्यदिन’ असे लिहिलेले आढळले, तर तेथे ऑगस्टचा काही संबंध नाही, जानेवारी समजावा. हे एकदा सांगितले म्हणजे अगदी सोपे वाटते. आम्ही चाळीस वर्षे मुलांस इतिहास शिकविला आणि ही सोपी गोष्ट ऐन वेळी आम्हांस आठवली नाही.

चार वर्षांपूर्वी कागदास कसर लागली म्हणून घरच्या मंडळींनी तो पुन्हा आमच्याकडे आणला. पुठ्ठ्यापासून सोडविताना मागे दुमडलेली कड उघडी झाली. तीवर ‘पौष व’ इतकी अक्षरे शाबूत होती. पुढे तिथीचा आकडा होता तो कसरीने खाल्ला. मागील बाजूस मोडीत भाताच्या खंडी-मणांचा हिशेब निघाला, त्याचा काळ ठरविण्यास उपयोग नाही. परंतु ‘पौष व’ या अक्षरांनीच आमचा १९४८ चा निर्णय मोडीत काढला. १५ ऑगस्ट १९४८ हा श्रावण शुद्ध पक्षातील दिवस. पौषाचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही.

तेव्हा २६ जानेवारी रविवारी केव्हा केव्हा आली हे पाहणे प्राप्त झाले. १९३० पासून १९४७ पर्यंत असे चार प्रसंग येतात : १९३०, १९३६, १९४१ व १९४७. यांपैकी १९३६ साली अमावास्या २४ जानेवारीस होऊन २६ तारखेस माघ शुद्ध पक्षाचा आरंभ होता. १९४७ साली अमावास्या २२ तारखेस झाली. २६ तारीख वसंतपंचमीच्या सुमारास, म्हणजे तीही माघ शुद्धातली. ही दोन साले गळाली. उरली १९३० व १९४१. शके १८५१ व शके १८६२ या दोन्ही वर्षी तो दिवस पौष वद्यात, अमावास्येच्या अलीकडे पडतो. आकडा शिल्लक असता तर निकाल तेथेच लागला असता. तो नसल्यामुळे मजकुराकडे वळावे लागले.

१९३० ची प्रतिज्ञा गांधीजींनी लिहिली. तीत परकीय सत्तेने देशाची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक व आध्यात्मिक अशी चौफेर हानी केली असे सांगून एकेक कलम मांडले आहे. माणशी सरासरी मिळकत रोजची सात पैसे, कराच्या ओझ्यात जमीनमहसुलाचा वाटा शेकडा वीस व मिठावरील कराचा शेकडा तीन, सूतकताईसारखे ग्रामोद्योग बुडून शेतकरी वर्षातून निदान चार महिने रिकामा, जकात व चलन यांची परकीयांस सोयीची व्यवस्था, सक्तीचे निःशस्त्रीकरण, अशी ती कलमे आहेत. १९४० च्या जानेवारीसाठी ही प्रतिज्ञा नव्याने लिहिली गेली. तीत आकड्यांची कलमे जाऊन विधायक कार्यक्रम आला, आणि नियमित सूत कातण्याचे व खादी वापरण्याचे वचन आले. भेद सूक्ष्म आहे पण पक्का आहे : पूर्वीच्या मजकुरात चरखा हे गाऱ्हाणे आहे, नंतरच्या मजकुरात ते व्रत आहे. आमच्या कागदात सात पैसे आहेत, मिठाचा कर आहे, चार महिन्यांचा रिकामपणा आहे. सूत कातण्याचे वचन नाही. भाषणे करू नयेत ही सूचनाही १९३० च्या पहिल्या दिवसाशी जुळते. त्या दिवशी सभांत व्याख्याने न देता प्रतिज्ञा लोकभाषेत वाचून हात वर करून संमती घ्यावी, असाच आदेश होता. एखाद्याने जुना मजकूर १९४१ सालीही वाचला असेल, अशी शंका काढता येते. परंतु आजींची साक्ष तीस जोडली म्हणजे शंकेस फारसा थारा उरत नाही. दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली. “मिठाच्या आधीचं” हे शब्द २६ जानेवारी १९३० यास जसे लागू पडतात तसे दुसऱ्या कोणत्याही सालास पडत नाहीत. आम्ही जे शब्द अडाणी घोटाळा म्हणून बाजूस सारले, तेच कागदावरील सर्वांत अचूक कालनिर्देशक होते.

मिठाची आठवण या भागात टिकावी यात नवल नाही. पनवेल, उरण व पेण या खाडीकाठच्या मुलखात मिठागरे ही शेताइतकीच ओळखीची. शेकडा तीनचा आकडा येथील श्रोत्यास पाठ करून सांगावा लागला नसेल. तथापि या भागाने त्या वर्षी दिलेली किंमत मिठापेक्षा जंगलासाठी अधिक दिली. उरण हा त्या काळी पनवेल तालुक्यातील महाल. त्यातील चिरनेर गावी आक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी, गुरुवारी, शारदीय नवरात्राचे पहिले दिवस चालू असता, जंगलसत्याग्रह झाला व गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. धाकू गवत्या फोफेरकर व नाग्या महादू कातकरी हे चिरनेरचेच. बाकीचे आसपासच्या गावांचे. पनवेलचे मामलेदारही त्याच गोंधळात प्राणास मुकले, ही गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. जानेवारीत हात वर करून घेतलेली प्रतिज्ञा व सप्टेंबरातील हा प्रसंग यांत अवघे आठ महिने आहेत. आता दरवर्षी त्या दिवशी चिरनेरास हुतात्म्यांना शासकीय मानवंदना होते व पोलीस बंदुकीच्या फैरी हवेत झाडतात. ज्या खात्याच्या बंदुका १९३० साली चालल्या त्याच खात्याच्या फैरी आज मानासाठी वाजतात. आम्ही तो समारंभ अनेकदा पाहिला आहे. फैरीचा आवाज होताच म्हाताऱ्या बायकांचे हात अजून कानांकडे जातात.

नवरात्रात घडलेला प्रसंग असूनही चिरनेरचा दिवस तिथीने पाळला जात नाही, इंग्रजी तारखेने पाळला जातो. स्वातंत्र्यचळवळीचे सगळेच दिवस असे आहेत. शिवजन्माच्या बाबतीत मात्र जेधे शकावली पुढे आल्यापासून फाल्गुन वद्य तृतीया की वैशाख शुद्ध द्वितीया, आणि मग तिथी की तारीख, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घातला. कारण असे दिसते की, चळवळीचे दिवस आरंभापासून पत्रके, वर्तमानपत्रे व सरकारी हुकूम यांतून चालले आणि त्या सर्वांचा कारभार तारखेने होत असे. आमच्या कागदाच्या लेखकाने मात्र दुमडलेल्या कडेवर तिथी घातली. तो जुन्या वळणाचा मनुष्य असावा, आणि त्याच्या त्या वळणानेच आम्हांस वाट दाखविली.

तिथीचा विषय निघालाच आहे, तर १५ ऑगस्टविषयी एक गोष्ट नमूद करतो. ही तारीखही पंचांग पाहून निघालेली नव्हे. लॉर्ड माउंटबॅटन यांनी ती १९४७ च्या जूनमध्ये जाहीर केली, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेस जपानने शरणागती पत्करल्याची आठवण त्यांच्या मनात होती. त्यासंबंधीच्या कायद्यास विलायतेत राजाची संमती १८ जुलै १९४७ रोजी मिळाली; तो आपल्याकडे आषाढ अमावास्येचा, दिव्यांच्या अवसेचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून शके १८६९ चा अधिक श्रावण लागला. म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या निरयन पंचांगाप्रमाणे १५ ऑगस्ट १९४७ हा मलमासातील दिवस असून त्या मध्यरात्री कृष्ण चतुर्दशी चालू होती. (टिळक पंचांगाचा हिशेब वेगळा, त्यात येथे शिरत नाही.) ज्या महिन्यात आपण मुंज वा लग्न करीत नाही, जावयास अनारसे देऊन वाट पाहतो, त्या धोंड्याच्या महिन्यात देश स्वतंत्र झाला. ज्योतिष्यांनी या दिवसास हरकत घेतली व मध्यरात्रीची वेळ त्यावरील तोडगा म्हणून निघाली, ही कथा प्रसिद्ध आहे. तीत एक गंमत आहे. घटनासमितीची बैठक १४ तारखेच्या रात्री भरली व मध्यरात्री सत्तांतर झाले. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, आपला वार सूर्योदयास बदलतो. तेव्हा पंचांगाच्या मते त्या क्षणी शुक्रवार उजाडलाच नव्हता, गुरुवारच चालू होता. दोन्ही पक्षांस आपापल्या परीने समाधान मानता आले! लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी ध्वज उभारला तोही १५ रोजी नव्हे, १६ ऑगस्ट रोजी. जुनी छायाचित्रे बाळगणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण त्यांखाली १५ तारीख घालण्याचा प्रघात पडून गेला आहे.

पुढे २६ जानेवारीचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संमत झाली, परंतु ती अमलात आणण्यासाठी मुद्दाम २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबले, ते जुन्या दिवसाचा मान राहावा म्हणूनच. दिवस राहिला, नाव पालटले. प्रतिज्ञा मात्र नाहीशी झाली. आमच्या विद्यार्थ्यांस प्रतिज्ञा म्हटली म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची आठवे. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. तिचा या जुन्या प्रतिज्ञेशी काही संबंध नाही. एका शिक्षकबंधूंनी आम्हांस आमचा कागद ‘शाळेच्या प्रतिज्ञेचा जुना पाठ’ आहे काय, असे गंभीरपणे विचारले होते. दोन दिवसांच्या ध्वजविधीतही भेद आहे : १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवितात, २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असून फडकवितात. पण हा भेद स्वातंत्र्यानंतरचा. जुन्या टिपणांत तो शोधू नये.

संग्राहकांच्या उपयोगाच्या आणखी काही खुणा सांगून ठेवतो. कागदावर रंगीत ध्वज काढलेला असेल तर पट्टे पाहावेत. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा व त्यावर चरखा असे असल्यास तो १९३१ पूर्वीच्या वळणाचा. केशरी, पांढरा, हिरवा व चरखा असल्यास १९३१ च्या ऑगस्टनंतरचा. चरख्याऐवजी चक्र असल्यास २२ जुलै १९४७ नंतरचा. अर्थात घरी रंगविलेल्या ध्वजावर फार भिस्त ठेवू नये, जुने वळण हातातून लवकर जात नाही. जिल्ह्याचे नाव ‘कुलाबा’ असणे ही कमकुवत खूण आहे, कारण ‘रायगड’ हे नाव १९८१ साली आले. ‘हुतात्मा दिन’ हा शब्द तर स्वातंत्र्यदिनापेक्षाही फसवा. देशभर तो ३० जानेवारी, मुंबईत १९५५ च्या गोळीबारामुळे २१ नोव्हेंबर, आणि उरण-पनवेलकडे २५ सप्टेंबर. शिरढोणच्या एखाद्या कागदात नुसती ‘पुण्यतिथी’ असेल, तर ती वासुदेव बळवंत फडके यांची, १७ फेब्रुवारीची, असण्याचा संभव प्रथम तपासावा. ते शिरढोणचे, एडनच्या तुरुंगात १८८३ साली वारले. ‘मुक्तिदिन’ असेल तर गाव पाहावे : मराठवाड्यात १७ सप्टेंबर, गोमंतकात १९ डिसेंबर. सारांश, दिवसाचे नाव ही तारीख नव्हे.

मूळ कागद मालकांस परत केला आहे. चौकटीवरील ‘१५ ऑगस्ट १९४८’ ही आमच्या हातची चिठ्ठी आम्ही स्वतः काढून ‘२६ जानेवारी १९३०, रविवार, पौष वद्य’ अशी नवी लावली. तिथीची जागा कोरी ठेवली आहे. ती गणिताने भरणे शक्य असले तरी कागदावर जे नाही ते चिठ्ठीवर नसावे असे आमचे मत आहे. आजी ही दुरुस्ती पाहण्यास राहिल्या नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी चिठ्ठी वाचली व “हे त्या म्हणतच होत्या की,” असे म्हणाल्या.

पनवेल, उरण, पेण व कर्जत या भागांत कोणाच्या दप्तरी ‘स्वातंत्र्यदिन’ या मथळ्याची हस्तलिखिते वा पत्रके असतील, त्यांनी ती पुठ्ठ्यावरून सोडविण्यापूर्वी मागची व दुमडलेली बाजू आधी पाहावी, घरातील वडीलधारी माणसे त्यांविषयी काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे, आणि आम्हांस कळवावे. ज्यावर रविवार व पौष वद्य यांचा उल्लेख असून तिथीचा आकडा शिल्लक आहे असा दुसरा कागद मिळाला, तर तो ताडून पाहण्याची आम्हांस विशेष उत्सुकता आहे.